घरी गाळलेली व्हिस्की की कारखान्यातली?

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरते मद्य घरी गाळण्याची मुभा असल्यामुळे, भट्टी घ्यावी की बाटलीच आणावी, असा प्रश्न तिथे स्थायिक झालेल्या मित्राने विचारला आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा असल्याने इथे हा पर्यायच नाही.

बाटलीवरचा कर वाचत असल्याने घरचे मद्य स्वस्त वाटते. परंतु ८ टक्के मद्यार्काच्या २५ लिटर सडव्यात, म्हणजे गाळण्याआधीच्या आंबवलेल्या धान्याच्या द्रवात, शुद्ध मद्यार्क २ लिटरच असतो, आणि सुरुवातीचा उग्र व शेवटचा कुबट अंश वेगळा काढल्यावर तो आणखी घटतो. कारखान्यातही ही छाटणी होते. मात्र तांब्याच्या मोठ्या भट्टीवर ती प्रत्येक वेळी एकसारखी साधते.

खरा फरक काळाचा आहे. स्कॉचला ७०० लिटरपर्यंतच्या ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरावे लागते. घरच्या लहान पिंपात द्रवाच्या मानाने लाकडाचा स्पर्श अधिक असल्याने रंग लवकर उतरतो, पण हवेच्या संथ संपर्काने येणारा सौम्यपणा त्या घाईत येत नाही. म्हणून लहान पिंप लवकर मुरवते, हा दावा मला मान्य नाही.

मद्यार्काची वाफ पेट घेते, त्यामुळे बंद खोलीत उघड्या ज्योतीवर भट्टी लावणे जिवावर बेतू शकते.

ज्याला धान्य, यीस्ट आणि छाटणी स्वतः समजून घ्यायची आहे व फसलेला घाणा ओतून देण्याची तयारी आहे, त्याने तिथे घरी गाळावे. ज्याला दर वेळी तीच मुरलेली चव हवी, त्याने विकत घ्यावी.