रविवार कारंजा (नाशिक), जुनी लँडलाइन काढून फायबर घेतलं: सात महिन्यांचा अनुभव, ५ पैकी साडेतीन

आमचा लँडलाइन १९९३ चा आहे. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेला, आणि तोच नंबर आजही, आता फायबरवर, चालू आहे, सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे, त्यामुळे नंबर बंद करायचा विषय आईसमोर काढायची सोय नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जुनी तांब्याची केबल असलेल्या कुठल्याही कंपनीच्या गिऱ्हाइकाला हाच अनुभव येईल असं मला वाटतं, आणि मला सांगायचंय ते त्या वायरबद्दलच.

आधी जुन्या लाइनचं सांगतो. २००९ ला त्याच लाइनवर ब्रॉडबँड घेतलं, नंतर प्लॅनवर "२४ एमबीपीएसपर्यंत" लिहून यायला लागलं पण घरी कधी ४ च्या वर गेलं नाही. मी वर्षानुवर्षं कस्टमर केअरशी भांडलो, मोडेम दोनदा बदलला. शेवटी एका लाइनमन काकांनी मोडेमचं पेज उघडून दाखवलं, लाइन ॲटेन्युएशन, म्हणजे वाटेत सिग्नल किती विरतो तो आकडा, ५२ डीबी. म्हणाले, "साहेब, एक्स्चेंज तुम्हाला जवळ वाटतं, पण केबल गल्लीबोळ फिरून येते, साडेतीन किलोमीटरच्या वर भरते, याच्यात मोडेम काय करणार." ती वायर टाकली होती बोलण्यासाठी, आवाजाला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात, आणि एडीएसएल २ प्लस, म्हणजे फोनच्या वायरीवरून ब्रॉडबँड देणारं तंत्र, त्याच वायरीवर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. जितकी वरची फ्रिक्वेन्सी तितकी ती तांब्यात लवकर विरते. म्हणजे २४ चा आकडा एक्स्चेंजला चिकटून राहणाऱ्यांसाठीच खरा, हे विकताना कोणीच सांगत नाही, आणि माझा पहिला राग ह्याच्यावर आहे.

दुसरं पाऊस. वाड्याच्या दारातच डीपी, म्हणजे फोनच्या वायरी जोडायचा डबा आहे, एकदा झाकण उघडलेलं असताना मी आत बघितलं, जॉइंटला हिरवा गंज चढलेला, टेप सुटून लोंबतोय, एका कोपऱ्यात मुंग्यांचं वारूळ. फोनवर खरखर सुरू झाली की नेट आपोआप पडायचं, जुलै-ऑगस्ट तर विचारूच नका. काका पेअर, म्हणजे केबलमधली आमच्या फोनची दोन वायरींची जोडी, बदलून द्यायचे, महिनाभर चालायचं, मग परत तेच. नंतर चांगली पेअरच शिल्लक नव्हती. आणि एकाच केबलमध्ये शेजारीशेजारी शंभर जणांचं ब्रॉडबँड चाललं की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या वायरीत शिरतो, त्यामुळे जसे कनेक्शन वाढले तसा सगळ्यांचाच स्पीड उतरला.

मग कंपनी सगळं पटकन बदलून का टाकत नाही, हा प्रश्न मलाही पडायचा. मधला मार्ग आहे, व्हीडीएसएल, त्यात जुन्याच वायरीवर १०० एमबीपीएसपर्यंत मिळतं, पण फक्त काहीशे मीटरपर्यंत, म्हणजे दर दोन-चार गल्ल्यांना एक कॅबिनेट, त्याला लाइट, बॅटरी, पंखा, आणि आमच्या गल्लीत तर स्कूटर लावायला जागा नाही. फायबर टाकायचं तर रस्ता खोदायची परवानगी पाहिजे, वाड्यात सात बिऱ्हाडं आणि जिना एक, कोणी म्हणतं माझ्या भिंतीला भोक पाडू नका. त्यात लोकांनी लँडलाइन सोडले, शंभरातले पंधरा उरले तरी केबल आणि एक्स्चेंजची बॅटरी शंभरांसाठी होती तशीच सांभाळावी लागते. कंपनीची ही अडचण मला खरंच पटते.

तर गेल्या जूनमध्ये फायबर आलं. दोन मुलं आली होती, काम बघण्यासारखं होतं. केसाएवढी काच, स्पिरिटने पुसली, कापली, स्प्लायसिंग मशीनच्या छोट्या स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर आली, एक ठिणगी, आणि जोड कुठे आहे ते दिसेना. घरापर्यंत किती प्रकाश पोचतो ते मोजणाऱ्या मीटरवर उणे १९ आलं, मुलगा म्हणाला एकदम बरोबर आहे. एक्स्चेंजपासून घरापर्यंत मध्ये कुठेच वीज लागत नाही, खांबावरचा स्प्लिटर नुसता प्रकाश वाटून देतो. १०० चा प्लॅन आहे आणि ९५ च्या खाली मी बघितलेला नाही. पूर्ण पावसाळा गेला, एकदाही पडलं नाही. ह्याला पैकीच्या पैकी.

ऑक्टोबरमध्ये जेसीबीने केबल तोडली. सिंहस्थाच्या तयारीसाठी खोदकाम चालू आहे, त्यामुळे हे होणारच. दोन दिवसांत जोडून दिली. काही वर्षांपूर्वी ४०० पेअरची तांब्याची केबल तुटली होती तेव्हा अकरा दिवस लागले होते, कारण ८०० वायरी एकेक करून जुळवायच्या, भर उन्हात खड्ड्यात बसून. त्या माणसांना आपण किती शिव्या घालतो, जरा जाऊन बघा ते काम.

आता दीड मार्क का कापले. फायबर घेताना कोणीच सांगितलं नाही की लाइट गेली की फोनही जाणार. जुन्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. आईला बीपीचा त्रास आहे, ती मोबाइल नीट वापरत नाही, आणि ऑगस्टमध्ये रात्री तीन तास लाइट नव्हती तेव्हा ती फोन उचलून उचलून बघत होती, टोनच नाही. मी पुण्याला होतो, मला सकाळी कळलं. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जुनी लाइन कापण्याआधी हे तोंडाने सांगायलाच पाहिजे आणि बॅटरी बरोबर द्यायला पाहिजे. तक्रार केली तर कोणी न येता क्लोज झाली, "समस्या सोडवली आहे" असा मेसेज आला.

मी स्वतः १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणून बसवला, फायबरच्या डब्याला आता चार तास पुरतो. आमच्या भागात सध्या घरोघर फायबरला बदलून देतायत, तर मुलं आली की तीन गोष्टी करून घ्या: मीटरचा आकडा फोटो काढून ठेवा, काचेची वायर कोपऱ्यात मोडून दाबू देऊ नका, आणि घरात वयस्कर कोणी असेल तर यूपीएस लावून, मेन स्विच बंद करून, त्यांच्याच हाताने एक फोन लावून बघा, मगच जुनी लाइन कापायला हो म्हणा.