कडक भाकरीची खोकी आणि माझी टियागो ईव्ही

कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा माझा धंदा आहे. सोलापुरात साखर पेठेतल्या घरी आम्ही सहा जणी काम करतो आणि अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या दुकानांत माल मीच पोचवते. टाटाची टियागो ईव्ही, म्हणजे विजेवरची छोटी गाडी, घेऊन 14 महिने झाले. घेतली ती 24 किलोवॅट-अवर बॅटरीची.

कडक भाकरीचा वैरी म्हणजे धक्का. दहाच्या पाकिटात दोन तुटल्या तर दुकानदार पाकीट परत करतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. जुन्या पेट्रोल गाडीत सात रस्त्याच्या गर्दीतून निघेपर्यंत क्लच-गिअरच्या हिसक्यांनी खोकी हलत राहायची. इथे गिअर बदलणंच नाही, गाडी अलगद उचलते. अक्कलकोटचे दुकानदार काका आता खोकं उघडून भाकऱ्या मोजत बसत नाहीत. एक गोष्ट मात्र शिकावी लागली. पहिल्या आठवड्यात रिजन (पाय उचलल्यावर गाडी आपोआप हळू करून बॅटरी थोडी भरणारी सोय) 3 वर होतं, पाय उचलला की गाडी एकदम ओढून धरायची आणि खोकी पुढे सरकायची. आता माल असला की 1 वर ठेवते, रिकामी परतताना 3 वर. डिकी 240 लिटरचीच आहे, म्हणून मागची सीट आडवी करून खोकी रचते.

ही गाडी बाजारात आली तेव्हा कागदावर रेंज, म्हणजे एका चार्जमधलं अंतर, 315 किलोमीटर होती. ते आकडे चाचणीतले असतात. मला एसी लावून साधारण 200 मिळतात, मे महिन्यात 42 अंशांच्या उन्हात 180. पंढरपूर जाऊन-येऊन दीडशेच्या आत होतं, तेवढं निर्धास्त जाते.

चार्जिंग घरीच, रात्री, 15 अँपिअरच्या सॉकेटवर. रिकामी असेल तर आठ-नऊ तास लागतात. सुरुवातीला गाडी चार्जच होईना. इलेक्ट्रिशियननं बघितलं तर आमच्या जुन्या घराचं अर्थिंग नावापुरतंच. परसात खड्डा काढून, कोळसा-मीठ भरून नवीन अर्थिंग केलं, तेव्हा चार्जिंग सुरू झालं. जुन्या पेठेत राहणाऱ्यांनी गाडी बुक करण्याआधी हे तपासून घ्या, माझे दहा दिवस गेले.

खर्च सांगते. फुल चार्जला 27 युनिट जातात, 12 रुपयांनी 324. म्हणजे किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये. जुनी गाडी लिटरला 16 द्यायची, सव्वासहा-साडेसहा रुपये पडायचे. महिन्याला माझं चालणं 1,400 किलोमीटर, तेव्हा साडेसहा हजार वाचतात. एका बाईचा निम्म्याहून जास्त पगार त्यातून निघतो, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर. माझ्या हिशोबानं आठ वर्षांत 1 लाख 34 हजारच होतात, त्यामुळे बँकेचा हप्ता भरताना धाकधूक नाही.

पुण्याला मात्र एकदाच गेले. हायवेवरच्या एका चार्जरवर ॲपमध्ये 'चालू' दिसत होतं, पोचले तर मशीन बंद, फोन कुणी उचलेना. रात्रीचे साडेनऊ, गाडीत 14 टक्के, सोबत सासूबाई. शेजारच्या ढाबेवाल्या दादांनी स्वतःच्या सॉकेटवर तीन तास लावू दिली, पैसे घेतले नाहीत. ज्यांना आठवड्याला पुणे करायचं आहे त्यांना ही गाडी घ्या असं मी सांगणार नाही. सोलापूरपासून 75 किलोमीटरच्या आत ज्याचा धंदा आहे, त्यानं जरूर घ्यावी.

माल जास्त असेल तर टाटाचीच एस ईव्ही, म्हणजे विजेवरची छोटी मालगाडी, बघा, साधं मॉडेल 600 किलो नेतं. बार्शीच्या तीन दुकानांची ऑर्डर दिवाळीपर्यंत टिकली, तर मीही तीच बघायला जाणार आहे. अर्थिंग तर तयारच आहे.