आर्श कोल्ड प्रेस, 300 जीएसएम: आपल्या उन्हाळ्यात ओल धरणारा कागद

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिल्या, मग नोकरी लागली. जलसंपदा खात्यातून निवृत्त झाल्यावर जलरंग पुन्हा हातात घेतले. या वयात परत सुरुवात करणारे बरेच जण आधी चोवीस ट्यूबांचा डबा आणतात. माझं सांगणं उलटं आहे: रंग चारच घ्या, पण कागदाला हात आखडू नका. रंग मी कॅमलचेच वापरतो, आर्टिस्ट दर्जाचे. कागद मात्र आर्शचा, फ्रान्समधला: कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरबरीत पृष्ठाचा, आणि 300 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जाड.

छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकडी लगद्याच्या शीटवर आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत पहिली कड वाळते. मग पडलेली रेघ काही केल्या जात नाही. आर्श पूर्ण कापसाचा आहे. ते तंतू पाणी पोटात घेतात, त्यामुळे पंखा बंद ठेवून सकाळी बसलं तर आभाळ निवांत पूर्ण होतं. जिलेटीनची खळ आतही आहे आणि वरही. म्हणून रंग एकदम शोषला जात नाही, वाळल्यावरही ओल्या ब्रशने बराचसा उचलता येतो.

हे सगळं देवगिरीच्या किल्ल्यावर नीट कळलं. तिथला तासलेला कडा मी अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून काढतो. दोन्ही रंग ओल्या कागदावर सोडले की अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसतात आणि काळ्या पाषाणाचा खरबरीतपणा आपोआप उतरतो. अशा वेळी ब्रश बाजूला ठेवून नुसतं बघत बसावं, फार सुख असतं त्यात! वाळल्या गवताला यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, पुरतो. चांद मिनाराची उन्हाकडची बाजू मी रंग उचलूनच काढली, पांढरा रंग लागलाच नाही.

तिथून खुलदाबादकडे जाताना कागझीपुरा लागतो. हातकागदाची तिथली परंपरा तुघलकाच्या काळापासूनची सांगतात. त्या कागदावर मी शाईची रेखाटनं करतो आणि ती देखणी होतात. मोठ्या वॉशला मात्र आर्शच.

कागद महाग आहे, पेन्शनीत जाणवतो. त्यावर उपाय म्हणजे 56×76 सेंमीचा अख्खा ताव घेऊन त्याचे आठ तुकडे करायचे. एका बैठकीला तेवढं माप पुरतं. पाठची बाजूही तितकीच चांगली चालते, ती सरावाला ठेवावी. जिलेटीन प्राण्यांपासून होतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुकानात वेगळ्या खळीचा सुती कागद मागावा. पावसाळ्यात ताव प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आडवे ठेवा. दमट हवेत खळ बिघडली की रंग टीपकागदासारखा आत ओढला जातो.