१० एक्सचं घडीचं भिंग: दोन वर्षांच्या वापरानंतर

कापडाची तपासणी हे माझं काम. इंचात उभे धागे किती, आडवे किती, हे मोजायला भिंग रोज हातात असतं. हे घडीचं भिंग मात्र मी कामासाठी घेतलेलं नाही. कुंडीतल्या लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली, पुसायला गेले तर ती हलली. लिंबावरच्या फुलपाखराची कोवळी अळी होती ती. कापडाचं भिंग आणून तिच्यावर धरलं, पण ते चौकोनी पायावर उभं राहणारं, सपाट कापडासाठी केलेलं; पानाखाली जाईचना. दुसऱ्याच दिवशी याचा शोध सुरू केला.

तीन काचा एकमेकींना चिकटवून केलेलं हे भिंग. काचेचा व्यास १८ मिमी, धातूचं आवरण, वापर झाला की भिंग फिरून त्यात जातं. एकाच काचेच्या भिंगातून पाहिलं की काळ्या वस्तूच्या कडेला जांभळट-पिवळी झालर दिसते. इथे ती जवळजवळ नाही, आणि चित्र कडेपर्यंत स्वच्छ राहतं. अळीच्या अंगावरचा पांढरा डाग खरंच पांढरा आहे की काचेची करामत, हा प्रश्न पडत नाही.

घेण्याआधी एक तपासणी जरूर करा. माझ्या आधीच्या स्वस्त भिंगावर ‘३० एक्स’ छापलेलं होतं. भिंगातून दूरच्या खिडकीची स्पष्ट प्रतिमा कागदावर पाडायची, भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मोजायचं आणि २५० मिमीला त्या आकड्याने भागायचं. ३० पटींच्या भिंगाचं हे अंतर साधारण ८ मिमी हवं. माझ्या भिंगाचं भरलं २५ मिमी, म्हणजे ते १० पटींचंच होतं. फसवलं गेल्याचा राग अजून गेलेला नाही. नव्याचंही २५ भरलं, पण यावर १० एक्सच लिहिलंय.

२० पटींचं का नाही, असं मला अनेकांनी विचारलं. कारण हे अंतरच. २० पटींच्या भिंगातून किडा स्पष्ट दिसायला तो काचेपासून सव्वा सेंटिमीटरवर लागतो. तेवढ्यात आपली सावली त्याच्यावर पडते, श्वास लागतो, आणि बहुतेक किडे स्वतःला वाचवायच्या तयारीला लागतात: टुणकन उडतात, पाय आखडून खाली पडतात, नाहीतर पानाच्या मागे सरकतात. अडीच सेंटिमीटरवर निदान काही जण आपलं काम चालू ठेवतात. आणि मला तेच पाहायचं होतं, त्यांनी माझ्यापासून नव्हे तर एकमेकांपासून कसं वाचायचं ते.

सगळ्यात जास्त वेळ माव्यावर, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांवर गेला. माव्याच्या पाठीवर, मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या असतात. नुसत्या डोळ्यांना त्या कळत नाहीत, या भिंगातून स्पष्ट दिसतात. ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळीने एका माव्याचा पाय धरला आणि नळीच्या टोकाशी थेंब आला. हा थेंब चटकन घट्ट होतो आणि शत्रूच्या तोंडाला चिकटतो. त्यात बीटा-फार्नेसीन नावाचं रसायनही असतं, माव्याच्या अनेक जातींसाठी ती धोक्याची सूचना. पकडला गेलेला मावा बहुधा सुटत नाही. पण वास पोहोचताच शेजारचे मावे पानात रुतवलेली सोंड उपसून चालू लागतात, काही सरळ खाली उडी घेतात. मावा नराशिवायही पिल्लं देतो, म्हणून एका पानावरचे मावे बरेचदा एकाच आईच्या हुबेहूब लेकी असतात. एकीच्या थेंबाने दुसऱ्या वाचतात. हे पाहिल्यावर बराच वेळ मी भिंग खाली ठेवलं नाही.

ढालकिडा बोटावर पिवळा डाग सोडतो हे लहानपणापासून माहीत होतं, पण तो तोंडातून येतो असं वाटायचं. भिंगाने तो समज काढून टाकला. थेंब पायाच्या सांध्यातून येतो आणि ते त्याचं रक्तच असतं, कडू अल्कलॉइडांनी भरलेलं.

लिंबावरची अळी शेवटची कात टाकून हिरवी झाली तेव्हा तिला रंगाच्या कुंचल्याने हळूच स्पर्श केला. डोक्यामागून दोन शिंगांचा मऊ अवयव उलगडत बाहेर आला. मोज्याचं आत गेलेलं बोट बाहेर काढावं तसा तो आतून बाहेर उलटतो, रक्ताच्या दाबाने. कुबट, आंबूस वास आला. भिंग डोळ्याशी असल्यामुळे नाकही तिथेच होतं.

यावरून एक ताकीद. भिंग डोळ्याला लावून वस्तू जवळ आणायची, हीच ते वापरण्याची योग्य रीत, आणि म्हणूनच काही किड्यांसाठी हे भिंग चालत नाही. बॉम्बार्डियर भुंगेऱ्याच्या पोटात एका कप्प्यात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठलेले असतात. दुसऱ्या कप्प्यात विकरांशी (एन्झाइमांशी) गाठ पडताच मिश्रण उकळतं आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसचा फवारा बाहेर पडतो. एका आफ्रिकी जातीत सेकंदाला सुमारे ५०० झटक्यांनी. पोटाचं टोक वळवून तो नेमका नेम धरतो. त्याच्यासमोर अडीच सेंटिमीटरवर डोळा न्यायचा नाही. अंगावर आग करणारे केस असलेले सुरवंट आणि कातडीवर फोड उठवणारे ब्लिस्टर भुंगेरे यांनाही दुरूनच, कॅमेऱ्याने पाहावं.

उणिवा दोन. वर्षभराने घडीचा स्क्रू सैल झाला, चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने तो आवळावा लागला. दुसरी उणीव अशा प्रत्येक भिंगात असते, स्पष्ट दिसणारा थर फार पातळ. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याची अंडी केसासारख्या उभ्या देठांवर असतात, मुंग्यांपासून आणि आधी बाहेर आलेल्या भुकेल्या भावंडांपासून लांब. अंडं स्पष्ट केलं की देठाचं बूड धूसर होतं. भिंग वरखाली करत दोन्ही डोक्यात जुळवावं लागतं.

त्याच क्रायसोपाच्या काही जातींच्या अळ्या अंगावर कचरा वाहतात. अमेरिकेतल्या एका जातीची अळी लोकरी माव्याचं मेण ओरबाडून स्वतःच्या पाठीवर लावते. माव्याची राखण करणाऱ्या मुंग्या तिला ओळखत नाहीत. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी ते मेण काढून टाकलं, तेव्हा मुंग्यांनी तिला पकडून हटवलं. माझ्या कुंडीत मला दिसली ती माव्याच्या रिकाम्या सालींची चालणारी ढिगुळी, खालून दोन वाकडे जबडे. एक मुंगी आली, मिशांनी दोनदा चाचपलं आणि पुढे निघून गेली. ढिगुळी तेवढा वेळ थांबली होती, मग पुन्हा माव्याकडे चालू लागली.