मागचे ब्रेक लायनर घरी बदलले, त्याला आठ महिने झाले

दसऱ्यानंतर अंगणातच गाडीचे मागचे ब्रेक लायनर, म्हणजे ब्रेक लावताना घासला जाणारा थर, बदलले. तेव्हापासून महिन्यातून दोन-तीनदा चाळीसगाव-कन्नड घाट होतो, आणि आपल्याकडचा मे महिनाही निघाला. आता खात्रीने लिहू शकतो.

आधी हँडब्रेक अकराव्या खटक्याला धरायचा. गॅरेजमध्ये दोनदा केबल आवळून दिली, मीही निर्धास्त झालो. चूक तिथेच झाली. केबल आवळल्याने दांडी घट्ट लागते, झिजलेलं लायनर झिजलेलंच राहतं. ड्रम (चाकासोबत फिरणारं ब्रेकचं भांडं) काढला तर पुढच्या अंगाच्या शूवर (लायनर बसवलेली आतली कमान) जेमतेम एक मिलिमीटर लायनर उरलेलं. पुढे जाताना हा शू फिरत्या ड्रमसोबत ओढला जाऊन जास्त दाबतो, म्हणून आधी संपतो.

ड्रम निघता निघत नव्हता. झिजून आत काठ तयार झाला होता, त्यात शू अडकत होते. केबल ढिली केली, ड्रमच्या दोन भोकांत ८ एमएमचे बोल्ट आळीपाळीने आवळले, तेव्हा सुटला. आतली भुकटी फुंकू नका, ती छातीत जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. शेजारचे आबा जुने मिस्त्री. ते म्हणाले, "एकच बाजू खोल रे भाऊ, दुसरी देखी देखी जोड." स्प्रिंगा लावताना हा सल्ला लाखमोलाचा ठरला.

ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलतो त्या डाव्या व्हील सिलिंडरचं रबर उचललं तर आत ओल. नव्या लायनरवर ब्रेक ऑइल उतरलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात. दोन्हीकडची रबर किट बदलली, ब्रेक ऑइलमधली हवा काढली. ड्रम लेथवर कट मारून, म्हणजे आतून तासून सारखे करून आणले. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आत बसतात ना, तेही मोजून घेतलं.

सगळं बसवल्यावर आधी ब्रेक पेडल बऱ्याचदा जोराने दाबलं, म्हणजे ॲडजस्टर शू आणि ड्रममधली फट जुळवून घेतो. केबल त्यानंतर. हा क्रम उलटा केला की ॲडजस्टर कामच करत नाही.

तेव्हा सहाव्या खटक्याला धरणारा हँडब्रेक आज सातव्याला धरतो. घाट उतरताना मी दुसऱ्या गिअरवरच असतो, पण पेडल आता वरच लागतं आणि गाडी सरळ थांबते. एक त्रास मात्र झाला: गाडी धुऊन हँडब्रेक ओढून ठेवली, तर सकाळी डावा शू ड्रमला चिकटलेला. तेव्हापासून ओल्या गाडीला गिअर टाकतो आणि चाकामागे दगड लावतो.