डोळ्यामागच्या रक्तप्रवाहासाठी कलर डॉप्लर: कुठे भरवशाचं, कुठे नाही

कलर डॉप्लर म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. मानेच्या रक्तवाहिन्या तपासायला वापरतात तोच ७ ते १५ मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब (अंगावर टेकवायचा सपाट तोंडाचा भाग) डोळ्यासाठीही चालतो, वेगळा घ्यावा लागत नाही. सेंट्रल रेटिनल (रेटिनाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याला रक्त देणारी) आणि ऑफ्थॅल्मिक (डोळ्याची मुख्य) या दोन धमन्यांसाठी कलर डॉप्लर उत्तम. शॉर्ट पोस्टिरिअर सिलिअरी धमन्या मात्र बारीक आणि अनेक असतात. पुढच्या वेळी तीच धमनी सापडली याची खात्री नसते, म्हणून त्यांच्या आकड्यांवर फार विसंबू नये.

मशीनमध्ये डोळ्याचं प्रीसेट (आधीच ठरवलेली सेटिंग) हवंच. अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणांच्या नियामक संस्थेने डोळ्यासाठी मेकॅनिकल इंडेक्सची (ध्वनिलहरींमुळे ऊतींना इजा होण्याचा धोका दाखवणारा आकडा) मर्यादा ०.२३ ठेवली आहे, आणि कॅरोटिडच्या (मानेतल्या मुख्य धमनीच्या) प्रीसेटवर ती सहज ओलांडली जाते. डॉप्लर हवा तेवढाच वेळ चालू ठेवावा.

रुग्णाला उताणं झोपवून, पापण्या मिटवून, वर जेलचा जाड थर द्यावा. हाताचा भार कपाळावर किंवा गालावर टेकवावा, प्रोब जेलवर नुसता तरंगायला हवा. इथेच बहुतेक तपासण्या बिघडतात. जरा दाब पडला की डोळ्यातला दाब वाढतो, डायस्टोलमधला (हृदय सैलावतानाचा) वेग आधी घसरतो आणि रेझिस्टन्स इंडेक्स (प्रवाहाला होणारा विरोध दाखवणारा आकडा) खोटाच चढतो. आलेख सुबक दिसतो, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

सेंट्रल रेटिनल धमनी ऑप्टिक नर्व्हच्या (दृष्टीच्या नसेच्या) आत, डिस्कच्या (ती नस डोळ्याला मिळते त्या जागेच्या) मागे २-३ मिलिमीटरवर पकडावी. शेजारीच शीर असते, म्हणून बेसलाइनच्या वर धमनी आणि खाली शीर असा जोड आलेख मिळतो. जागा बरोबर असल्याची ती खूण. वेग सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर, म्हणून स्केल (वेगाची पट्टी) आणि वॉल फिल्टर (मंद हालचालींचे संकेत गाळणारा) दोन्ही खाली आणावेत, नाहीतर डायस्टोलचा भाग गायब होतो. ऑफ्थॅल्मिक धमनीचा वेग याच्या तिप्पट-चौपट असतो, तिथे स्केल पुन्हा वाढवावा. ती तिरकी जात असल्याने ध्वनिलहर आणि प्रवाह यांच्यातला कोन दुरुस्त केल्याशिवाय वेग लिहू नये. ६० अंशांवर ५ अंशांची चूक वेगात साधारण १३ ते १८ टक्के फरक पाडते. रेझिस्टन्स इंडेक्सला कोनाची बाधा नाही, त्यामुळे तुलनेसाठी तोच बरा.

ऑफ्थॅल्मिक धमनीत उलटा प्रवाह दिसला तर त्याच बाजूची कॅरोटिड लगेच तपासावी. तिथे तीव्र अडथळा असण्याची शक्यता मोठी असते.

हे मशीन वेग मोजतं, रक्ताचं प्रमाण नाही. सेंट्रल रेटिनल धमनीची रुंदी अर्ध्या मिलिमीटरहूनही बरीच कमी, या प्रोबला ती मोजता येत नाही. रेटिनातल्या केशवाहिन्या बघायच्या असतील तर ओसीटी अँजिओग्राफीच (प्रकाशाने रक्तवाहिन्यांचं चित्र काढणारी तपासणी) करावी. आणि डोळा फुटल्याची शंका असेल तर प्रोब लावूच नये.