काना-लेखनासाठी कोबाइएनची पाच ताऱ्यांची कोकाबोकु शाईकांडी

काना म्हणजे जपानी भाषेची उच्चारानुसारी लिपी; तिच्या सुलेखनाची शाई पारखायची तर कुंचला कोरडा पडत येतो तेव्हाची शेवटची चार-पाच अक्षरं पाहावीत. 905 च्या सुमारास संकलित झालेल्या 'कोकिनशू' या दरबारी काव्यसंग्रहाची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत म्हणजे 11व्या शतकातली 'कोया-गिरे'. तिच्यात अक्षरं एकमेकांत गुंफत खाली उतरतात, फिकट होत जातात, आणि कुंचला पुन्हा बुडवला की एकदम गडद होतात. हा चढउतार बाटलीतल्या शाईला साधत नाही. फिकट भाग निर्जीव, करडा दिसतो. जपानमधल्या नारा शहरातल्या कोबाइएन या शाई बनवणाऱ्या पेढीची (स्थापना 1577) ही 'कोकाबोकु' कांडी नेमकी तिथे उजवी ठरते. शेवटचं अक्षर केसाएवढं बारीक झालं तरी त्यात काळेपणा शिल्लक असतो.

तेलाच्या दिव्याची काजळी आणि प्राणिज सरस मळून कांडी बनते. तारे ही प्रतीची खूण; ते जितके जास्त, तितकी काजळी बारीक. कानाला शाई थोडीच लागते, त्यामुळे 15 ग्रॅमची, म्हणजे एक 'चो' मापाची कांडी पुष्कळ दिवस पुरते.

उगाळताना घाई नको. दगडी 'सुझुरी'च्या, म्हणजे शाई उगाळायच्या पाटीच्या, सपाट भागावर 5-6 थेंब पाणी घ्यावं आणि सहाणेवर चंदन उगाळतो तशी सैल हाताने कांडी फिरवावी. जोर दिला की काजळीचे रवे राहतात आणि बारीक रेषेत खरखर उमटते. लागेल तसं थेंब-थेंब पाणी वाढवत 10-15 मिनिटं उगाळलं की कांडीच्या मागे तिची वाट क्षणभर उघडी राहते, मग शाई हळूच मिटते. ही खूण दिसली की थांबावं.

पाणी बोअरचं नको. क्षारांमुळे काजळीच्या गुठळ्या होतात आणि रेषेच्या कडा फाटतात. डिस्टिल्ड पाणी उत्तम. कालची उरलेली शाईही वापरू नये; सरसाची पकड सुटलेली असते, त्यामुळे ती कागदावर पसरते. साध्या हातकागदावर तर ताजी शाईसुद्धा फुटते. सरस-तुरटीचा हात दिलेलाच कागद हवा.

दरबारी कवी फुजिवारा नो तेइका (1162–1241) याचं वळण गिरवणाऱ्यांनी मात्र एवढा खर्च करू नये. त्याची अक्षरं ठसठशीत, जाड-बारीक आणि बरीचशी सुटी असतात. कमी ताऱ्यांची कांडी जरा दाट उगाळली तरी काम भागतं.

वापर झाला की कांडीचं ओलं टोक लगेच टिपून घ्यावं, नाहीतर तिथूनच तडा जातो. वाळवायला पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नये. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे फार सांभाळावं लागतं. कोकणातल्या पावसाळ्यात उलट सरसावर बुरशी धरते. तिथे कांडी पूर्ण सुकल्यावरच कागदात गुंडाळून लाकडी डबीत ठेवावी, आणि आठवड्यातून एकदा डबी उघडून पाहावी.